जुलाबाच्या पेशंटमध्ये नवा व्हायरस सापडला म्हणे! अशी बातमी किंवा रिपोर्ट हातात आला की काय बघायचं

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला भावाचा फोन आला, लातूरहून, आणि आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. चौदा महिन्यांचा भाचा दोन दिवस जुलाब-उलट्यांनी बेजार होता आणि तिथल्या एका लॅबमध्ये त्यांनी संडासची ती महागडी पीसीआर टेस्ट करून घेतली होती, ज्यात एका फटक्यात बावीस जंतू बघतात, आणि रिपोर्टमध्ये तीन ठिकाणी पॉझिटिव्ह, दोन व्हायरस आणि एक ई-कोलाय जातीचा बॅक्टेरिया. "ताई, एक नोरो आहे, एक ईएईसी आहे आणि एक सापो म्हणून आहे, त्याचं तर नावच कधी ऐकलं नाही, नेटवर टाकलं तर जपान दाखवतंय, नवीन व्हायरस आलाय का काय, पुण्याला घेऊन येऊ का?" मी त्याला एवढंच विचारलं, बाळाने शेवटची शू कधी केली? तिकडे एकदम शांत. मग मागून भावजयीचा आवाज, दुपारी चारला, त्यानंतर डायपर कोरडाच आहे.

डायपर साडेसहा तास कोरडा होता आणि सगळं घर रिपोर्टच्या कागदाकडे बघत बसलं होतं. मी म्हटलं कागद ठेव बाजूला, चमच्याने ओआरएस सुरू करा आणि पाजत पाजतच दवाखान्यात जा. तिथल्या डॉक्टरांनी बाळाचं वजन केलं, नऊ किलो, आणि किलोला ७५ मिली या हिशोबाने चार तासांत साधारण पावणेसातशे मिली ओआरएस चमच्या-चमच्याने पाजायला लावलं, सलाईन लागलंच नाही. पहाटे तीनला भावाचा मेसेज आला, डायपर ओला.

मी दहा वर्षं लॅबमध्ये काम करतेय, संडासचे नमुने रोज हाताखालून जातात, आणि असे फोन आता वरचेवर येतात, कधी रिपोर्टवरून तर कधी ग्रुपवर फिरणाऱ्या "जुलाबाच्या रुग्णांमध्ये नवा विषाणू आढळला" असल्या बातमीवरून. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, व्हायरस *सापडणं* आणि त्या व्हायरसनेच आजार *होणं* या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या दोन्हींच्या मधलं अंतर पार करायला कधीकधी वर्षानुवर्षं जातात.

नवा म्हणजे कधीपासूनचा नवा?

बातमीत "नवा" दिसला की आपल्याला वाटतं हा परवा कुठूनतरी आला. बहुतेक वेळा तसं नसतं, तो आधीपासून असतो, आपल्याला आत्ता दिसला एवढंच. एमएलबी-१ नावाचा एक अ‍ॅस्ट्रोव्हायरस आहे, तो जाहीर झाला २००८ मध्ये, पण ज्या तीन वर्षांच्या मुलाच्या शीमध्ये तो मिळाला तो नमुना मेलबर्नच्या मुलांच्या हॉस्पिटलात १९९९ पासून फ्रीजरमध्ये पडून होता. सॅफोल्ड व्हायरसचं तर अजून पुढचं, कॅलिफोर्नियातल्या एका तान्ह्या बाळाचा १९८१ चा नमुना आणि त्यातला व्हायरस ओळखला गेला २००७ मध्ये, म्हणजे तोवर ते बाळ सव्वीस वर्षांचं झालं असणार.

आणि माझ्या भावाला ज्याने घाबरवलं तो सापो तर चांगला जुना आहे, जपानमधल्या साप्पोरो शहरात १९७७ मध्ये एका बालगृहात साथ आली होती त्यावरून त्याचं नाव पडलं. इथे नव्या होत्या त्या फक्त टेस्ट. आधी लॅबमध्ये तो बघायची सोयच नव्हती, आता पॅनेलमध्ये त्याचा खण आहे म्हणून तो रिपोर्टवर येतो.

म्हणजे बातमी वाचताना पहिलं काम हे की नमुना कोणत्या वर्षीचा आहे ते शोधायचं. जुना असेल तर साथ आली म्हणून घाबरायचं कारण तिथेच संपलं.

शी म्हणजे गावाखालचा ओढा

हे मी नवीन मुलामुलींना लॅबमध्ये शिकवताना नेहमी सांगते. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्यात उभं राहिलं तर वरून कोणी काय टाकलं ते सगळं वाहत येताना दिसतं, पण त्यातलं काय गावात राहणारं आणि काय नुसतं वाटेत पडलेलं ते तिथून कळत नाही. शीचं अगदी तसंच.

२००६ मध्ये सिंगापूर आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी धडधाकट माणसांच्या शीमध्ये कोणते आरएनए व्हायरस आहेत ते बघितलं तर सगळ्यात जास्त काय निघालं माहितीये? मिरचीच्या झाडाला रोग करणारा व्हायरस, पेपर माइल्ड मॉटल. एक ग्रॅम सुक्या शीमध्ये शंभर कोटींपर्यंत. मिरचीतून, मसाल्यातून, सॉसमधून पोटात जातो आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. आता आपल्याकडे ठेचा-भाकरी खाणाऱ्या माणसाचा नमुना घेऊन कोणी बातमी दिली की "जुलाबाच्या रुग्णात कोट्यवधी विषाणू", तर ती खरीही असेल आणि तिचा जुलाबाशी काही संबंधही नसेल.

तसंच कोंबडीचं. हाँगकाँगमध्ये माणसांच्या शीमध्ये जायरोव्हायरस मिळाले तर तसलेच व्हायरस तिथल्या चिकनमध्येही मिळाले, म्हणजे माणूस चिकन खाऊन आला एवढंच त्यातून कळलं. आणि आपल्या आतड्यातल्या बॅक्टेरियांना स्वतःचे व्हायरस असतात ते वेगळेच, त्यांना फेज म्हणतात. २०१४ मध्ये क्रासफेज नावाचा एक फेज सापडला, तोही प्रयोगशाळेत वाढवून नाही तर कॉम्प्युटरवर जुन्या माहितीचे तुकडे जोडून, आणि तो जगभरातल्या कितीतरी माणसांच्या पोटात आधीपासून सुखाने नांदत होता, त्याने कोणाला काही झाल्याचं दिसलं नाही. पिकोबर्नाव्हायरस १९८८ मध्ये माणसाच्या शीत सापडला तेव्हा तो जुलाबाचा संशयित होता, आता बऱ्याच वैज्ञानिकांना वाटतं की तो मुळात बॅक्टेरियांचाच व्हायरस असावा.

तेव्हा दुसरा प्रश्न हा, की हा व्हायरस कोणाचा आहे? माणसाच्या पेशीत वाढणारा, बॅक्टेरियाचा, की जेवणातून आलेला? बातमीत हे नसेल तर ती अर्धीच आहे असं समजा.

शोधतात कसं ते थोडक्यात

नमुना पाण्यात कालवायचा, बारीक फिल्टरमधून गाळायचा म्हणजे बॅक्टेरिया वर राहतात आणि व्हायरस खाली उतरतात, मग मोकळे फिरणारे डीएनए-आरएनएचे तुकडे एन्झाइमने खाऊन टाकायचे, जे व्हायरसच्या कवचात सुरक्षित राहिलं ते बाहेर काढायचं, वाढवायचं आणि सीक्वेन्सरवर वाचायचं. मग कॉम्प्युटर ते सगळं जगाच्या यादीशी ताडून बघतो आणि जे यादीत नाही पण कुठल्यातरी घराण्याशी थोडंफार जुळतं तो झाला नवा व्हायरस.

यात व्हायरस कोणी डोळ्यांनी बघितलेला नसतो हे लक्षात घ्या, फक्त त्याची अक्षरं वाचलेली असतात. १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोटाव्हायरस शोधला तेव्हा जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याच्या अस्तराचा बारीक तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला होता आणि व्हायरस त्या पेशींच्या *आत* भरलेले दिसले. जिथे बिघाड तिथेच चोर, हातात माल घेऊन. नुसती शी वाचून सापडलेल्या व्हायरसबद्दल एवढा पुरावा पहिल्या दिवशी कधीच नसतो.

आणि एक भीती आम्हा लॅबवाल्यांना कायम असते, की सापडलेली गोष्ट नमुन्यातली आहे की आपल्या सामानातली? २०१३ मध्ये हे जगासमोर घडलं. चीनमधल्या हिपॅटायटिसच्या रुग्णांमध्ये पार्व्हो नावाच्या घराण्याशी जुळणारा एक नवा व्हायरस मिळाला म्हणून जाहीर झालं, आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवून दिलं की तो रुग्णांमध्ये नव्हताच, डीएनए काढायच्या किटमधल्या सिलिकाच्या छोट्या नळीतून येत होता. म्हणून चांगल्या अभ्यासात रुग्णाच्या नमुन्यासोबत नुसतं शुद्ध पाणीसुद्धा सगळ्या पायऱ्यांमधून नेतात. पाण्यातही व्हायरस "सापडला" तर तो किटचा. पाण्याचा नमुना चालवला होता का, हे विचारायला कोणी लाजू नये.

धडधाकट पोरांमध्ये बघितलं का?

माझ्या मते सगळा डाव या एका प्रश्नावर आहे, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

एमएलबी-१ चीच गोष्ट पुढे बघा. जुलाब झालेल्या मुलात नवा अ‍ॅस्ट्रोव्हायरस म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं हाच असणार, कारण नेहमीचा अ‍ॅस्ट्रोव्हायरस जुलाब करतोच. मग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी आणि अमेरिकेतल्या गटाने मिळून वेल्लोरच्या मुलांचे नमुने तपासले, जुलाब असतानाचेही आणि बरे असतानाचेही, आणि २०११ मध्ये सांगितलं की त्या मुलांमध्ये एमएलबी-१ चा जुलाबाशी संबंध दिसत नाही. नमुना ऑस्ट्रेलियाचा, संशय जगभर, आणि आरोपीला सोडून दिलं तमिळनाडूतल्या पोरांच्या साक्षीने. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण नवा व्हायरस सापडला की मथळा होतो पण "याचा संबंध नाही" याचा मथळा होत नाही, आणि लोकांच्या डोक्यात पहिलंच राहतं.

कोसाव्हायरसचंही तसंच झालं. २००८ मध्ये पाकिस्तान-अफगाणिस्तानातल्या मुलांच्या शीत तो मिळाला, हातापायातलं बळ अचानक गेलेली मुलं होती ती, पण शेजारच्या बऱ्या मुलांमध्ये बघितलं तर जवळपास तेवढ्याच जणांमध्ये तो होता.

आणि हे फक्त नव्या व्हायरसचं नाही, जुन्यांचंही आहे. जेम्स (GEMS) नावाचा एक फार मोठा अभ्यास झाला, आफ्रिका आणि दक्षिण आशियात मिळून सात ठिकाणी, त्यात कोलकाताही होतं, २००७ ते २०११ या काळात. पाच वर्षांखालची ९,४३९ मुलं मध्यम ते तीव्र जुलाबाची आणि त्यांच्याच वयाची, त्यांच्याच वस्तीतली १३,१२९ जुलाब नसलेली. जुलाब असलेल्यांपैकी ८३ टक्के मुलांमध्ये किमान एक जंतू मिळाला. आता थांबा, जुलाब नसलेल्यांमध्ये किती असतील? ७२ टक्के. म्हणजे चार चांगल्या पोरांचे नमुने घेतले तर जवळजवळ तिघांचा रिपोर्ट कशा ना कशासाठी पॉझिटिव्ह! म्हणून त्यांनी नुसतं कोण सापडतं ते न बघता आजाऱ्यांमध्ये *जास्त* कोण सापडतं ते बघितलं, आणि तेव्हा रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम, शिगेला आणि एक प्रकारचा ई-कोलाय हे चौघे खरे दोषी म्हणून पुढे आले.

काही नव्या व्हायरसचा निकाल अजून लागायचाय. बोकाव्हायरस २००५ मध्ये स्वीडनमध्ये खोकल्याच्या रुग्णांत सापडला, त्याचे पुढचे भाऊबंद २००९ मध्ये शीमध्ये मिळाले, काही अभ्यास म्हणतात संबंध आहे आणि काही म्हणतात नाही. बुफाव्हायरस २०१२ चा, बुर्किना फासोमधल्या मुलांचा, नावातच देश आहे. सॅलीव्हायरस २००९ चा, नायजेरिया, ट्युनिशिया, नेपाळ. यांच्याबद्दल कोणी छातीठोक बोलायला लागलं की जरा सावध राहा.

मग पक्कं कधी म्हणायचं?

नोरोव्हायरसचं उदाहरण घ्या म्हणजे सगळी वाट दिसते. १९६८ चा ऑक्टोबर, अमेरिकेत ओहायोमधल्या नॉरवॉक गावची प्राथमिक शाळा, दोन दिवसांत जवळपास निम्मी शाळा उलट्या-जुलाबाने आडवी. बॅक्टेरिया कुठलाच मिळेना. मग शीचं बारीक गाळलेलं पाणी स्वतःहून तयार झालेल्या निरोगी माणसांना पाजलं (आज वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा ते झालं) आणि त्यातले काही आजारी पडले, म्हणजे गाळणीतून निसटणारं काहीतरी आहे हे कळलं. १९७२ मध्ये अल्बर्ट कपिकियन या संशोधकांनी त्या गाळलेल्या पाण्यात आजारातून उठलेल्या माणसाचं सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पातळ पाणी) मिसळलं, त्यातल्या अँटिबॉडींनी व्हायरसचे कण एकमेकांना चिकटवले आणि मायक्रोस्कोपखाली त्यांचे पुंजके दिसले. आजाराआधीच्या सीरममध्ये आणि नंतरच्या सीरममध्ये फरक होता, म्हणजे शरीराने त्या व्हायरसशी झुंज दिली होती हे सिद्ध झालं.

त्यामुळे नव्या व्हायरसच्या बातमीत या खुणा शोधायच्या. आजाऱ्यांमध्ये बऱ्यांपेक्षा जास्त वेळा आणि जास्त प्रमाणात मिळाला का, आजार आला तेव्हा आला आणि बरं वाटल्यावर कमी झाला का, रक्तात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी नव्याने तयार झाल्या का, आणि एकाच लॅबला नाही तर दुसऱ्या गावच्या लॅबलाही तेच दिसलं का. यातली एकच खूण असेल तर "संशय", दोन-तीन असतील तर बोलायला जागा आहे.

पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव त्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातापायातलं बळ जाणारा आजार) पेशंट वाढले तेव्हा हे सगळं आपल्या दारात आलं होतं. काही पेशंटच्या शीत कॅम्पायलोबॅक्टर हा बॅक्टेरिया मिळाला, काहींच्या शीत नोरोव्हायरस, आणि लगेच "नोरोने लकवा होतो" असे मेसेज फिरायला लागले, माझ्याच सोसायटीत बायकांनी मुलांना शाळेत पाठवायचं बंद केलं. जीबीएसशी पक्कं नातं फार वर्षांपासून माहिती आहे ते कॅम्पायलोबॅक्टरचं. एकाच साथीत दोघे मिळाले म्हणून दोघांवर सारखाच आरोप लावता येत नाही. त्यातून घ्यायचं ते एवढंच होतं की दोघेही घाणेरड्या पाण्यातून, नीट न शिजलेल्या अन्नातून येतात, तेव्हा पाणी उकळून प्या आणि चिकन पूर्ण शिजवा, आणि ते प्रशासनाने सांगितलंही होतं.

रिपोर्ट हातात असेल तर

पॅनेलवर "डिटेक्टेड" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ त्या जंतूचा अंश मिळाला, इतकाच. नोरोव्हायरस बरं झाल्यावरही कित्येक आठवडे शीतून पडत राहतो, म्हणजे आजचा पॉझिटिव्ह हा मागच्या महिन्यातल्या आजाराचा उरलेला अंशही असू शकतो. रिपोर्टवर सीटी नावाचा आकडा असेल तर तो उलटा वाचायचा, कमी आकडा म्हणजे जास्त व्हायरस. अठराला दिसला तर भरपूर आहे, छत्तीसला दिसला तर चिमूटभर, आणि तीन नावं आली असतील तर डॉक्टरांशी बोलताना हा आकडा कामाला येतो. बऱ्याच पॅनेलच्या रिपोर्टवर तो छापतच नाहीत, लॅबला फोन करून विचारायला हरकत नाही.

टेस्ट प्रत्येक जुलाबाला लागत नाही, हे माझं लॅबमध्ये असूनही स्पष्ट मत आहे. शीत रक्त असेल, चौदा दिवसांच्या वर चाललं असेल, पेशंटची प्रतिकारशक्ती कमी असेल (केमो, अवयव बदललेला, एचआयव्ही), किंवा एकाच ठिकाणचे बरेच जण एकदम आजारी पडले असतील तर टेस्ट करा. साधे पाण्यासारखे जुलाब दोन दिवसांचे असतील आणि बाळ पीत असेल, शू करत असेल तर ते पैसे ओआरएस, झिंक आणि चांगल्या जेवणावर खर्च करा.

नमुना द्यायचाच असेल तर नीट द्या, कारण निम्मे नमुने आमच्याकडे बिघडूनच येतात. आजार सुरू झाल्यापासून दोन-तीन दिवसांत, अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. डबी लॅबकडूनच घ्यायची, जॅमची बाटली धुऊन आणायची नाही. कमोडच्या पाण्यातून उचलायचा नाही, शू मिसळू द्यायची नाही. बाळाचा असेल तर डायपर उलटा घाला, प्लॅस्टिकची बाजू आत, नाहीतर सगळं पातळ शोषलं जातं आणि आमच्या हातात कोरडा कापूस येतो. एक चमचाभर पुरे. झाकण वाकडं बसलं तर आट्यांमधून गळतं, तेव्हा बंद केल्यावर डबी एकदा आडवी करून बघा, मग पिशवीत, आणि उशीर होणार असेल तर बर्फाच्या डब्यात. वेळ लिहा. नुसती तारीख नको, वेळ.

नाव कुठलंही असो, घरी करायचं तेच

रोटा असो, नोरो असो, काल सापडलेला असो की उद्या सापडणारा, पोटातल्या या व्हायरसवर घरी द्यायचं औषध नाही आणि अँटिबायोटिक तर मुळीच लागू पडत नाही. माणूस दगावतो तो पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांच्याकडे सलाईन संपत आलं तेव्हा त्यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रममधून वाटलं आणि मृत्यू झपाट्याने उतरले, तेव्हा तिथे कॉलरा होता, पण पाण्याचा हिशोब सगळ्या जुलाबांना तोच.

पुडी घेताना मागची बाजू वाचा. डब्ल्यूएचओच्या सूत्रात एक लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. नावात ओआरएससारखं काहीतरी असलेली गोड टेट्रापॅक पेयं म्हणजे ओआरएस नाही, त्यात साखर जास्त असते आणि त्याने जुलाब वाढू शकतात, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनेही २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. एक लिटरची पुडी एक लिटरलाच, अर्धी पुडी अर्ध्या ग्लासात असलं अंदाजपंचे करू नका, खारट झालं तर बाळाला अपाय होतो. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, चव डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ संडासनंतर ५० ते १०० मिली, त्याच्या वरच्यांना १०० ते २००. उलटी झाली की लोक थांबवतातच, थांबवू नका, दहा मिनिटं जाऊ द्या आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. भावजयीने त्या रात्री तेच केलं, मांडीवर बाळ, वाटी-चमचा, आणि समोर मोबाईलवर टायमर. ओठ आधी सालपटासारखे झाले होते आणि बाळ चमचा दातांनी धरून ठेवत होतं, एवढी तहान.

अंगावरचं दूध चालूच ठेवा, मऊ भात, मुगाची खिचडी, ताक, केळं, जे खाईल ते द्या, "पोटाला आराम" म्हणून उपाशी ठेवू नका. झिंक चौदा दिवस, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण, अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे फुकट मिळतं. जुलाब बांधायच्या गोळ्या लहान मुलांना अजिबात नको. दात येतायत म्हणून होतंय, असं म्हणून वाट बघत बसू नका.

सहा तास शू नाही, डोळे खोल, टाळू खाली गेलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते, रडताना पाणी नाही, बाळ मलूल पडलंय किंवा पीतच नाही, शीत रक्त, यातलं एक जरी दिसलं तर लगेच दवाखाना.

घरात पसरू नये म्हणून हात साबणाने. सॅनिटायझरवर नोरोसारख्या व्हायरसच्या बाबतीत भरवसा नाही, त्यांना चरबीचं वेष्टन नसतं म्हणून अल्कोहोलने ते नीट मरत नाहीत. उलटी पडलेली जागा आधी कागदाने टिपून, मग एक लिटर पाण्यात २० मिली साधं पाच टक्क्यांचं ब्लीच घालून पुसा, खिडकी उघडी ठेवून. आजारी माणसाने बरं वाटल्यावरही दोन दिवस स्वयंपाकाला हात लावू नये. आणि रोटाचे थेंब सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, कार्डावर खूण आहे का ते आजच बघा. व्हायरस सिद्ध होण्यापासून लसीपर्यंतचा सगळा प्रवास झालेला हा एक, आणि त्यातल्या रोटाव्हॅक लसीचा व्हायरस तर दिल्लीच्या एम्समध्ये जन्मलेल्या बाळांकडूनच मिळालेला.

अजून एक, आणि हे मी हात जोडून सांगते. कधी आशाताई किंवा एखाद्या कॉलेजचे लोक अभ्यासासाठी म्हणून तुमच्या *बऱ्या* असलेल्या मुलाचा शीचा नमुना मागायला आले तर "आमच्या पोराला काय झालंय?" म्हणून परत पाठवू नका. संमतीचा कागद नीट वाचा, कोणती संस्था, नमुन्याचं काय करणार, नाव गुप्त राहणार का, सगळं विचारा, पटलं तर द्या. वेल्लोरच्या आयांनी मुलं बरी असतानाही डब्या भरून दिल्या म्हणून एमएलबी-१ चा निकाल लागला. डबी सकाळीच तयार ठेवा, मूल बसलं की लगेच घ्या, झाकण आडवं करून तपासा, आणि वर तारखेसोबत वेळ लिहा.